सभेत जुना विषय काढायचाय? मग आधी हे करा

पार्किंगच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटण्याचा विषय यंदा सोसायटीच्या वार्षिक सभेत पुन्हा काढायचाय म्हणालात. जरूर काढा, नव्या सभासदाने विचारूच नये असं काही नाही. मीही पहिल्याच वर्षी हाच विषय काढला होता, तोही 'आयत्या वेळचे विषय' सुरू झाल्यावर. चहा गार झाला, समोसे तसेच राहिले आणि जुने सभासद दोन तास जुनी मढी उकरत बसले. निष्पन्न शून्य!

पहिलं काम इतिवृत्त वाचायचं. सेक्रेटरींकडून रजिस्टर मागून घ्या आणि ठराव कधी झाला ते बघा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, सर्वसाधारण सभेचा ठराव रद्द करायचा नवा ठराव ६ महिन्यांच्या आत आणता येत नाही. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

सुरुवातीला नेहमी होणाऱ्या चुका:

- विषय आधी न देणं. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी निघते. तुमचं पत्र त्याच्या बरंच आधी द्या, पोच घ्या.
- "मागच्या कमिटीने घोळ घातला" अशी सुरुवात. त्या कमिटीतले काका पहिल्याच रांगेत बसलेले असतात, हो!
- नवं काहीच न सांगणं. तेव्हा गाड्या ११ होत्या, आता १९ आहेत, असं काही हातात हवं.

उपनिबंधक (सहकार खात्याचे अधिकारी), तक्रारअर्ज वगैरे आत्ता डोक्यातही आणू नका. आधी तळमजल्यावरच्या आजोबांना भेटा. मूळ ठरावाचे सूचक बहुतेक तेच निघतील.