प्रायॉरिटी लावली तरी फोनवर आवाज तुटतो

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात २५ आयपी फोन आहेत, इंटरनेट लाइन १०० एमबीपीएस डाउन, २० अप. संध्याकाळी सहाला क्लाउड बॅकअप सुरू झाला की समोरच्याला तुमचा आवाज तुटक जातो, आणि सिस्को राउटरवर व्हॉइसला डीएससीपी ४६ (पॅकेटवरची 'हा आवाज आहे, आधी सोडा' अशी खूण) लावून प्रायॉरिटी दिली तरी ढिम्म फरक नाही.

पॉलिसी (कोणतं पॅकेट आधी सोडायचं याचे राउटरवरचे नियम) बरोबर आहे, पण तिला कामच मिळत नाहीये. राउटरचा वॅन पोर्ट (मोडेमकडे जाणारा) गिगाबिटचा. २० एमबीपीएस म्हणजे त्याच्या लेखी किरकोळ, पॅकेट आलं की बाहेर. रांगच लागत नाही, तर पुढे काढणार कुणाला? रांग लागते मोडेममध्ये, आणि तिथे ४६ ला कुणी विचारत नाही. तिथे १ एमबीचा बफर तुंबला तर तो उपसायला ४०० मिलिसेकंद जातात. बोलण्यासाठी आयटीयू (दूरसंचाराचे मापदंड ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचाच उशीर ठीक मानते.

म्हणून रांग आपल्या घरात आणा. वर एक पॅरेंट पॉलिसी करा, क्लास-डिफॉल्टला (इथे सगळ्या ट्रॅफिकला) शेप अ‍ॅव्हरेज १८ एमबीपीएस द्या आणि आत्ताची पॉलिसी तिच्या पोटात घाला. हा शेपर, म्हणजे वेगाला राउटरवरच घातलेला लगाम; रांग आता इथे लागेल. दोन एमबीपीएस जातात, जाऊ देत.

प्रायॉरिटीला किती एमबीपीएस राखायचे? जी.७११ चा (फोनवरचा आवाज डिजिटल करायची एक पद्धत) एक कॉल हेडर धरून इथरनेटवर साधारण ८७ केबीपीएस. पंचवीसही फोन एकदम लागले तरी सव्वादोन एमबीपीएसच्या आत. अडीच ठेवा, वर नको. साहेबांचा व्हिडिओ कॉलही त्यात घुसवायचा आग्रह होईल, तो मोडून काढा.

फोन जोडलेला स्विच सिस्कोचा जुना २९६० असेल तर आणखी एक मेख आहे. एमएलएस क्यूओएस (स्विचवरची प्रायॉरिटीची सोय) चालू केलं की पोर्ट आपोआप अनट्रस्टेड होतात, म्हणजे आलेल्या खुणेवर विश्वास ठेवत नाहीत, आणि फोनने लावलेला ४६ शून्य होऊन पुढे जातो. माझ्या दोन रात्री यात गेल्या, राउटरला शिव्या घालत. कॉल चालू ठेवून राउटरवर 'शो पॉलिसी-मॅप इंटरफेस' बघा. व्हॉइस क्लासचा आकडा हलत नसेल तर गडबड स्विचवरच.

सिस्कोचा हट्ट नसेल तर ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) केक (त्यातली रांग सांभाळणारी सोय) लावा, अपलोडला १८ टाका, बरंचसं आपोआप निस्तरतं.

आधी शेपर लावा. उद्या सहाला बॅकअप चालू असताना बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पिंग सोडा (जाऊन-येऊन किती मिलिसेकंद लागतात ते दिसेल), मग शेपर काढून पुन्हा सोडा, आणि दोन्ही आकडे इथे टाका.