इमेज सीडीवर टाकायची की इमेजची सीडी करायची?

एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे. शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम, घालायचं ठरलं आहे आणि त्यासाठी ते मुलांकरता मराठीत पानभर सूचना लिहीत आहेत. इंग्रजी सूचनेतल्या एका ओळीचं त्यांनी केलेलं भाषांतर असं: ‘बूट करण्यायोग्य प्रतिमा डिस्कवर जाळा.’ (बूट करणं म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणं, आणि प्रतिमा म्हणजे ‘इमेज’: सीडीवरचं सगळं जिच्यात मांडलेलं असतं अशी एक फाइल.) मुलं ते वाचून हसली. आता ‘जाळा’च्या जागी ‘कोरा’ लिहू की सरळ ‘बर्न करा’ ठेवू, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, ‘बर्न करा’च ठेवा. मात्र तुमच्या वाक्यात ‘जाळा’पेक्षा जास्त घोटाळा करणारा एक शब्द आहे, तो म्हणजे ‘डिस्कवर’. त्याकडे येतोच, पण आधी ‘जाळा’ का चालत नाही ते पाहू, कारण मुलांचं हसू अगदी रास्त होतं.

इंग्रजीत ‘बर्न’ या एका क्रियापदावर बरंच भागतं. आपल्याकडे मात्र चुलीपाशी उभं राहिलं तरी निराळे शब्द लागतात. भाकरी करपते, दूध तळाला लागतं, जीभ पोळते, हात भाजतो, उन्हात पीक होरपळतं आणि सरपण जळतं. यांतलं एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. ‘जाळणे’ हे त्यातलं शेवटाला नेणारं क्रियापद आहे: जे जाळलं ते उरत नाही. कागद जाळला म्हणजे मजकूर गेला. म्हणून ‘सीडी जाळली’ म्हटल्यावर मराठी डोळ्यापुढे राख येते, आणि सरांना तर त्या सीडीवर काहीतरी राहायला हवं आहे.

प्रत्यक्षात काय होतं? घरी लिहिता येणाऱ्या सीडीत पारदर्शक प्लॅस्टिकच्या आत सेंद्रिय रंगाचा एक अतिशय पातळ थर असतो. रायटरमधला 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर एकेका जागी त्या रंगाला क्षणभर तापवतो, आणि तेवढा बिंदू कायमचा बदलतो. वाचताना तोच किरण मंद करून फिरवला जातो. बदललेल्या जागी परावर्तन कमी होतं, न बदललेल्या जागी नेहमीसारखं राहतं, आणि या फरकातून माहिती वाचली जाते. म्हणजे उष्णता खरीच आहे, जळून नाहीसं मात्र काही होत नाही. आपल्या शब्दांत सांगायचं तर रंग ठिकठिकाणी करपतो. त्याही आधी एका जातीच्या मेमरी चिपमध्ये माहिती भरताना आतले बारीक फ्यूज जास्त करंट सोडून उडवत असत, आणि त्यालाही इंग्रजीत बर्न करणंच म्हणत. गंमत अशी की मराठीत फ्यूजसुद्धा जळण्याऐवजी ‘उडतो’ किंवा ‘जातो’.

मग ‘डागणे’ चालेल का? अर्थाच्या दृष्टीने हा शब्द मला सगळ्यात जवळचा वाटतो. तापलेल्या लोखंडाने जनावराच्या अंगावर खूण उठवतात ते डागणं, आणि लेझर नेमकं तेच करतो. पण आज ‘डागणे’ म्हटलं की आधी तोफ आठवते, आणि ‘सीडीवर डाग’ म्हटलं की फडक्याने पुसायचा डाग. अर्थ बरोबर असला तरी शब्दाभोवतीची सोबत चुकीची आहे, म्हणून जड मनाने तो सोडून द्यावा लागतो.

‘कोरणे’ सुचणं स्वाभाविक आहे. फ्रेंचमध्ये सीडीसाठी ‘ग्राव्हे’ म्हणजे कोरणे हेच क्रियापद वापरतात. स्पॅनिशमध्येही ‘ग्राबार’ आहे, जे कोरणे आणि ध्वनिमुद्रण करणे या दोन्ही अर्थांनी चालतं. जर्मन लोक इंग्रजीसारखं ‘ब्रेनेन’, म्हणजे जाळणे, म्हणतात, तर इटालियनमध्ये ‘मास्तेरिझारे’ असा वेगळाच शब्द आहे. आपल्यालाही शिलालेख आणि ताम्रपट कोरण्याची परंपरा आहे, तेव्हा शब्दाला वजन आहे. पण सूचनेत तो लिहून पाहा: ‘कोरी सीडी घ्या आणि ती कोरा.’ कोरी म्हणजे रिकामी, कोरा म्हणजे खोदा. एकाच ओळीत दोघे समोरासमोर आले की सहावीतलं मूल अडखळणारच. एरवी एखाद्या लेखात ‘सीडीवर कोरलेली माहिती’ लिहिलंत तर माझी काहीच हरकत नाही, आज्ञार्थात मात्र हा शब्द नको.

बोलण्यात लोक काय म्हणत आले, तेही पाहू. ज्या काळात सीडी घरोघरी होत्या त्या काळात आपल्याकडे ‘बर्न’पेक्षा ‘राइट’ जास्त चालायचं. यंत्राचं नावच सीडी रायटर होतं, त्यामुळे ‘एक सीडी राइट करून दे’ हे सहज यायचं. दुसरा खास आपला प्रयोग म्हणजे ‘मारणे’. फॉरमॅट मारायचा, विंडोज मारायची, तशीच सीडी मारून द्यायची. परकी संज्ञा आली की तिला ‘करणे’ किंवा ‘मारणे’ जोडून चालतं करायचं, ही मराठीची जुनी आणि उत्तम सोय आहे. ‘बर्न करणे’ त्याच रांगेत बसतं, म्हणून ते ठेवा असं म्हणतो. ‘राइट करा’ही चालेल, पण मुलांना स्क्रीनवर ‘बर्न’ असं लिहिलेलं बटण दिसणार आहे. सूचनेतला शब्द आणि बटणावरचा शब्द एकच असलेला बरा.

आता ‘डिस्कवर’. हे मला स्वतःच्या चुकीतून कळलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गावी मामांच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम घालायची होती. त्या सिस्टीमची आयएसओ फाइल, म्हणजे वर सांगितलेली इमेज, त्यांच्याकडे उतरवून घेतलेली होती. मी फोनवर म्हणालो, “मामा, ती फाइल सीडीवर टाका, सीडी आतच ठेवा आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू करा.” मामांनी अक्षरशः तेच केलं. कॉम्प्युटरने सीडी दोन वेळा घरघर फिरवली आणि मुकाट्याने जुनी विंडोज उघडली. मामांना वाटलं सीडी खराब निघाली. त्यांनी दुसरी कोरी सीडी आणून पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच झालं. मी गेलो तेव्हा बरोबर केलेली एक सीडी नेली होती. ट्यूबलाइटखाली त्यांची आणि माझी सीडी शेजारी धरली. मागच्या बाजूला मधल्या भोकापासून बाहेरपर्यंत लिहिलेल्या भागाचा किंचित गडद पट्टा दिसतो, तो दोन्हींवर होता आणि जवळजवळ सारख्याच रुंदीचा होता. माहिती तेवढीच, करपलेली जागा तेवढीच. डोळ्याला फरक कळायला काही मार्गच नव्हता. कॉम्प्युटरमध्ये घालून उघडल्या तेव्हा त्यांच्या सीडीत एकच आयएसओ फाइल होती आणि माझ्या सीडीत बरेच फोल्डर. मामांचं काहीच चुकलं नव्हतं. माझं ‘सीडीवर टाका’ चुकलं होतं.

पीठ ताटात वाढणं आणि पिठाची भाकरी करणं, यात जेवढा फरक तेवढाच हा आहे. आयएसओ ही सीडीवर ठेवायची वस्तू नसते, तिच्यापासून सीडी घडवायची असते. सीडीवरचं सगळं, अगदी पहिल्या बाइटपासून, ज्या क्रमाने असायला हवं त्या क्रमाने त्या एका फाइलमध्ये मांडून ठेवलेलं असतं. नावही तिथूनच आलं: सीडीवर फाइली कशा मांडाव्यात याचं 1988चं आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयएसओ 9660.

क्रमाला इतकं महत्त्व का? तर सीडीवरची माहिती 2048 बाइटच्या कप्प्यांत, म्हणजे सेक्टरमध्ये असते. शून्यापासून मोजायचं. पहिले 16 सेक्टर राखीव. 16 क्रमांकाच्या सेक्टरमध्ये सीडीची ओळख, आणि बूट होणारी सीडी असेल तर 17 क्रमांकाच्या सेक्टरमध्ये ‘सुरुवातीचा प्रोग्रॅम कुठे शोधायचा’ याचा पत्ता. ही पद्धत फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी 1995 साली ठरवली. तिचं नाव ‘एल टोरिटो’, स्पॅनिशमध्ये छोटा बैल. कॅलिफोर्नियातल्या अर्वाइन इथल्या त्याच नावाच्या मेक्सिकन हॉटेलवरून ते पडलं असं सांगतात. चालू होताना कॉम्प्युटर थेट त्या 17व्या सेक्टरकडे जातो. मामांच्या सीडीतही तो पत्ता होता, पण आयएसओ फाइलच्या पोटात, भलत्याच ठिकाणी. सीडीच्या स्वतःच्या 17व्या सेक्टरमध्ये तो नव्हता. पत्र पाकिटात होतं, पण त्या पाकिटावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

हा सगळा फरक इंग्रजीत क्रियापद पेलतं: कॉपी वेगळं, बर्न वेगळं. मराठीत तो प्रत्ययाने सांगता येतो आणि जास्त स्वच्छ सांगता येतो. ‘फाइल सीडीवर’ म्हटलं की ठेवणं. ‘फाइलची सीडी’ म्हटलं की घडवणं. दुधाचं दही, उसाचा गूळ, सुताचं कापड, तशीच इमेजची सीडी. जे होतं त्याचंच रूप बदलून दुसरं काही झालं, हे आपल्या ‘चा-ची-चे’ला जन्मापासून माहीत आहे. म्हणून ‘इमेज सीडीवर बर्न करा’ यातही धोका उरतोच, कारण ‘वर’ ऐकलं की हात आपोआप माउसने फाइल ओढायला जातो. ‘इमेजची सीडी बर्न करा’ म्हटलं की तसं होत नाही.

‘प्रतिमा’ही काढा. मुलांना प्रतिमा म्हणजे फोटो किंवा मूर्ती, आणि आयएसओवर डबल क्लिक करून ती चित्र शोधत बसतील. ‘इमेज फाइल’ ठेवा आणि एकदाच समजावून सांगा की हा ठसा आहे. ठसा हा शब्द मला इथे मनापासून आवडतो, कारण ज्याने छाप उठवायची त्यालाही आपण ठसा म्हणतो आणि उठलेल्या छापेलाही. तयार सीडीपासून पुन्हा इमेज काढता येते, तीही गोष्ट त्यात बसते.

‘बूट’बद्दल थोडंच. चढवायला सोपं जावं म्हणून उंच बुटाला मागे चामड्याचं कडं असतं. ते धरून स्वतःच स्वतःला वर उचलणं, अशा अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार आहे. कॉम्प्युटरही आधी एक छोटा प्रोग्रॅम चालवतो आणि तो मोठ्याला ओढून आणतो, म्हणून हे नाव. लाथेशी किंवा स्कूटरच्या किकशी त्याचा संबंध नाही. ‘बूट करण्यायोग्य’ हे सरकारी वळणाचं झालं, ‘बूट होणारी सीडी’ म्हणा.

तेव्हा सर, तुमच्या सूचनेत मी असं लिहीन: ‘या आयएसओ फाइलची बूट होणारी सीडी बर्न करा. फाइल नुसती सीडीवर कॉपी करू नका. झाल्यावर सीडी उघडून पाहा: आत एकटी आयएसओ फाइल दिसली तर चुकलं, वेगवेगळे फोल्डर दिसले तर बरोबर.’ फाइल 700 एमबीपेक्षा मोठी असेल तर सीडीच्या जागी डीव्हीडी लिहा. आणि एखाद्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह चालणार असेल तर तिथे तापवणं, करपणं काही नसतं, म्हणून ‘बर्न’ काढून ‘या फाइलचा बूट होणारा पेनड्राइव्ह बनवा’ असं म्हणा. ‘चा’ मात्र तिथेही तसाच ठेवा.