‘रांगडा’: सासूबाईंचंच खरं

नाशिकमधल्या सातपूरच्या एका नव्या सूनबाईंनी विचारलंय : पाहुण्यांसमोर त्या कौतुकाने म्हणाल्या, “आमचे हे जरा रांगडेच आहेत,” आणि सासूबाईंचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर “माझ्या मुलाला गावंढळ म्हणतेस?” हे ऐकावं लागलं. तर रांगडा म्हणजे देखणा की अडाणी?

दाढीला तेल लावून, कडा कोरून, घोटे उघडे टाकणाऱ्या पँटीत कॉलेज रोडला उभा राहणारा तो रांगडा नव्हे, हे आधी सांगून टाकतो. सलूनच्या पाटीवर ‘रांगडा लूक’ आणि त्याखाली फेशियलचे दर! हायवेच्या ढाब्यांवर तर मटणही रांगडं झालंय. आमच्या तरुणपणी स्थळ बघताना गोरागोमटा, नाकीडोळी नीटस, गुळगुळीत दाढी केलेला मुलगा पास व्हायचा. रांगडा म्हटलं की मुलीची आई पत्रिका परत पाठवायची.

खरी गंमत शब्दाच्या जन्मात आहे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मराठीचे सर सगळीकडे सांगत फिरतात की ‘रानगडी’चा रांगडा झाला. ऐकायला छान, पण व्याकरणाला धरून नाही. गडी हे पुल्लिंगी नाम, तर रांगडा-रांगडी-रांगडं हे विशेषण तिन्ही लिंगांत आरामात चालतं. ‘गडी’चा ‘गडा’ कुणी आणि कशासाठी केला, याचं उत्तर सर देत नाहीत, विषय बदलतात. ‘रांगणे’वरून व्युत्पत्ती काढणाऱ्यांबद्दल तर न बोललेलं बरं.

रांगडे म्हणजे राजपूत! पेशवाईत उत्तरेकडून आलेल्या पत्रांत राजपुतांना हेच नाव आहे. इंग्रजी अमदानीतले भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात (खंड ९, १९०८) माळवीच्या प्रकरणात ‘रांगडी’ ही बोली भेटते : माळव्यातल्या राजपुतांच्या तोंडची, मारवाडीकडे झुकलेली माळवी. हरियाणाकडच्या मुसलमान राजपुतांना ‘रांघड’ म्हणतात, तोही याच घरातला असावा, असं माझं मत.

आता पुढची मांडणी माझी आहे, पटली तर घ्या. १७२८ मध्ये अमझेऱ्याला चिमाजी आप्पांनी मोगलांचा सुभेदार मारला आणि माळव्याचा दरवाजा उघडला. मग होळकर-शिंद्यांच्या फौजा तिकडेच. राजपुतांशी कधी तह, कधी खंडणी, कधी थेट मारामारी. १७५५ मध्ये राजपुतांच्या मारवाडात, नागोरला, जयाप्पा शिंद्यांचा दगाफटक्याने खून झाला, त्यानंतर तर ‘रांगडा’ हा शब्द छावणीत कुठल्या सुरात उच्चारला जात असेल, सांगायला नको. आडदांड, उद्धट, भरवशाचा नाही! ही फौज घरी परतायची ती सेंधव्याचा घाट उतरून, धुळे, मालेगाव, चांदवड करत. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आजही उभा आहे. म्हणजे ज्याला आपण रोज आग्रा रोड म्हणून शिव्या घालतो, त्याच वाटेने हा शब्द नाशकात उतरला असणार. पुण्याच्या विद्वानांना हे सुचत नाही, कारण त्यांना उत्तरेचा रस्ता शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशीच संपलेला दिसतो.

जात मागे पडली, स्वभाव उरला : राकट, बोलायला खडबडीत. त्यातून ‘रांगडी भाषा’, ‘रांगडा विनोद’. कौतुकाची छटा फार उशिराची. नायकाच्या गालावर खुंट दिसायला लागले, शेतातला घाम पोस्टरवर आला, आणि ज्यांनी कधी खुरपं धरलं नाही त्यांना रांगडं व्हावंसं वाटू लागलं.

हां, तुमचा प्रश्न राहिला. शब्दाचं वय पाहता सासूबाईंचंच खरं, आजच्या वापरात तुम्हीही चुकलेल्या नाही. पुढच्या वेळी ‘राजबिंडा’ म्हणा, दोघींचं भागेल. आणि सेंधवा-इंदूरकडे कुणाचं माहेर असेल, तर आजी अजून ‘रांगडी’ बोलते का, ते मला जरूर कळवा.