वाचकांचे प्रश्न : घरच्या ध्वनिमुद्रणासाठी मॉनिटर स्पीकर कसे निवडावेत?

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकवतो आणि ख्याल व अभंग घरीच ध्वनिमुद्रित करतो. साथीला तबला, हार्मोनियम आणि तानपुरा असतो. खोली दहा फूट बाय दहा फूट असून वरचा स्लॅबही दहा फुटांवरच आहे. आता मॉनिटर स्पीकर, म्हणजे ध्वनिमुद्रण गोड न करता जसेच्या तसे ऐकवणारे स्पीकर, घेण्यासाठी चाळीस हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. दुकानदाराच्या मते डग्गा नीट ऐकायचा असेल तर वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा गोल पडदा, आठ इंचीच हवा. एक मित्र म्हणतो, पाच इंची पुरेत. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपण खोलीचे माप कळवलेत हे फार बरे केलेत, कारण या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या मापातच आहे. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराइतकी भरते, तो ध्वनी त्या भिंतींमध्ये स्थिर तरंग बनून अडकतो. दहा फुटांच्या अंतरासाठी हा आकडा सुमारे ५६ हर्ट्झ येतो आणि त्याच्या पटीत पुढे ११२, १६८ अशी मालिका चालू राहते. लांबी, रुंदी आणि उंची वेगवेगळी असलेल्या खोलीत हे आकडे तीन ठिकाणी विखुरतात. आपल्या खोलीत तिन्ही मापे सारखी असल्यामुळे तिन्ही दिशांचे तरंग एकाच आकड्यावर येऊन बसतात. ध्वनिमुद्रणासाठी घनाकृती खोलीइतकी त्रासदायक खोली दुसरी नाही, आणि आठ इंची स्पीकर तिच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो.

आकड्यांतच पाहू. यामाहाच्या एचएस ८ या आठ इंची मॉनिटरचा आवाज ४७ हर्ट्झपर्यंत टिकून राहतो, म्हणजे तिथपर्यंत तो तीन डेसिबलपेक्षा अधिक पडत नाही. त्याच मालिकेतील पाच इंची एचएस ५ साठी कंपनी हीच मर्यादा ७४ हर्ट्झ देते. याचा अर्थ आठ इंची मॉनिटर आपल्या खोलीच्या ५६ हर्ट्झला पूर्ण ताकदीने हलवील, तर पाच इंची तिथे पोहोचेपर्यंत स्वतःच बराच उतरलेला असेल. दुकानदाराचा सल्ला खोटा नाही. तो मोठ्या खोलीसाठी योग्य आहे. डग्ग्याचा मूळ नाद साधारणपणे शंभर हर्ट्झच्या खाली-वर असतो आणि तळहात पुडीवर घासून घसारा घेताना तो बराच सरकतो. तो ११२ च्या जवळून जाताना खोली त्याला फुगवील, तर काही ठिकाणी पार गिळून टाकील. मग ज्या मात्रेवर डग्गा जास्त वाटतो तिथे आपण तो मिक्सिंगमध्ये कमी कराल आणि तेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या घरात डग्ग्याविना ऐकू येईल.

तानपुऱ्याचा विचारही इथेच करू. गायक काळी एकमध्ये गात असेल तर मधल्या जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास लागते. एचएस ५ मध्ये हा खर्ज किंचित हलका ऐकू येईल हे खरे. परंतु जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून उठणाऱ्या झंकारामुळे, तानपुऱ्याचा बहुतेक ध्वनी वरच्या आवर्तस्वरांत (मूळ स्वराच्या पटींत) असतो आणि त्यांवरूनच कान खर्ज ओळखतो. काळी पाचमध्ये गाणाऱ्या विद्यार्थिनीचा खर्ज ११७ च्या जवळ असल्याने तिच्या बाबतीत हा प्रश्नच उरत नाही. तेव्हा माझे मत आपल्या मित्राच्या बाजूचे आहे : पाच इंचीच घ्यावेत.

या वर्गात एचएस ५, जेबीएलचा ३०५पी आणि ॲडमचा टी५व्ही हे तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. जेबीएल आणि ॲडम हे दोन्ही यामाहापेक्षा खालपर्यंत उतरतात, जे एरवी गुणाचे ठरले असते; आपल्या खोलीत मात्र मी संयमी खालची बाजू असलेला मॉनिटर अधिक पसंत करीन. विक्रीपत्रकावर ‘४५ हर्ट्झपासून’ एवढेच छापलेले असेल तर त्याला फारसा अर्थ नसतो. तो आकडा किती डेसिबलच्या उतारावर मोजला आहे हे विचारावे, कारण तीन डेसिबलवर मोजलेली मर्यादा आणि दहा डेसिबलवर मोजलेली मर्यादा यांत वीस-वीस हर्ट्झचा फरक पडतो. एचएस ५ चीच मर्यादा दहा डेसिबलवर मोजली की ५४ होते.

चाळीस हजारांपैकी आठ-दहा हजार खोलीसाठी राखून ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. स्थानिक सुताराकडून लाकडी चौकटी करून घ्याव्यात, त्यांत चार इंच जाडीचे रॉकवूल भरावे आणि हवा आरपार जाईल असे सुती कापड वरून घट्ट ताणावे. बसल्या जागेवरून पाहताना कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावा. आरशात स्पीकर जिथे दिसेल तिथे चौकट टांगावी. उरलेल्या चौकटी कोपऱ्यांत तिरक्या उभ्या कराव्यात, कारण खालचे स्वर तिथेच सर्वाधिक साचतात. अंड्यांचे ट्रे आणि इंचभर जाडीचा फोम यांनी टाळीचा प्रतिध्वनी थोडा कमी होतो आणि खोली ‘साधली’ असा भास होतो, पण डग्ग्याच्या पट्ट्यात त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. शिवाय दोन्ही लवकर पेट घेतात.

मांडणीविषयी एक गोष्ट जरा विस्ताराने सांगतो, कारण इथे चुकीचा सल्ला सर्रास दिला जातो. ‘स्पीकर भिंतीपासून शक्य तितके दूर ठेवा’ हे वाक्य मोठ्या स्टुडिओसाठी ठीक आहे. लहान खोलीत स्पीकर मागच्या भिंतीपासून एक मीटरवर आणला, तर भिंतीवरून परतणारा ध्वनी सुमारे ८६ हर्ट्झवर मूळ ध्वनीला उलट्या दिशेने भेटतो आणि नेमका तो पट्टा नाहीसा होतो. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून एका फुटावर असेल तर हाच खड्डा २८० हर्ट्झच्या वर सरकतो, जिथे चार इंची रॉकवूल त्याला बऱ्यापैकी हाताळू शकते. भिंतीजवळ आल्याने खालचा आवाज वाढतो. तो आटोक्यात आणण्यासाठी एचएस ५ च्या पाठीमागे दोन आणि चार डेसिबल कमी करणारे बटण दिलेले आहे. पाठीमागच्या छिद्रातून हवा खेळती राहील एवढी चार बोटे जागा मात्र सोडावी, आणि कोपऱ्यात स्पीकर कधीही ठेवू नये.

खोलीच्या बरोबर मध्यभागी बसू नये. तिथे ५६ हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही आणि ११२ सर्वाधिक फुगतो. समोरच्या भिंतीपासून पावणेचार-चार फुटांवर आपले डोके यावे, दोन्ही स्पीकरांमधील अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून कानापर्यंतचे अंतर सारखे, म्हणजे साधारण सव्वातीन फूट असावे, आणि ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीवर असावा. आपण जमिनीवर बैठक घालून काम करत असाल तर स्पीकरही तितकेच खाली आणावेत. उंच टेबलावरचे स्पीकर खाली बसून ऐकल्यास ट्वीटर आणि वूफर यांचा मेळ जिथे जुळवलेला असतो तो कोन सुटतो.

प्रश्न : घरी उत्तम म्युझिक सिस्टिम आहे. गाणी तिच्यावर सुंदर वाजतात. मग वेगळे मॉनिटर कशाला?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ती सुंदर वाजतात, हीच अडचण आहे. घरगुती सिस्टिममध्ये खालचे आणि वरचे स्वर बहुधा थोडे उचललेले असतात, त्यामुळे मधल्या पट्ट्यातील दोष, म्हणजे आवाजातील नाकीपणा, हार्मोनियमचा कर्कशपणा, शब्द झाकोळणे, सहज लपतात. तरीही घरगुती आणि व्यावसायिक यांमधील भिंत आपण समजतो तितकी पक्की नाही. यामाहाने १९७८ मध्ये एनएस-१० हा स्पीकर घरात गाणी ऐकण्यासाठीच बाजारात आणला होता. घरगुती श्रोत्यांना तो फारसा रुचला नाही. पांढऱ्या वूफरचा तोच स्पीकर पुढे जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंगच्या टेबलावर जाऊन बसला. वरचे स्वर बोचतात म्हणून अनेक ध्वनिमुद्रक त्याच्या ट्वीटरवर पातळ टिश्यू पेपर चिकटवत असत. त्याची पेटी बंद, छिद्राविना होती, त्यामुळे खालचा ध्वनी लांबत न राहता चटकन थांबत असे, आणि मधला पट्टा इतका पुढे होता की तिथली चूक लपवणे अशक्य होते. २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. जुनी जोडी आज शोधण्याची गरज नाही, पण मॉनिटर ऐकताना ‘किती गोड वाजतो’ याऐवजी ‘माझ्या ध्वनिमुद्रणातील खोट दाखवतो का’ हा प्रश्न मनात ठेवावा.

दुकानात जाताना स्वतःचे, दोष माहीत असलेले एखादे ध्वनिमुद्रण घेऊन जावे आणि दोन मॉनिटरांचा आवाज सारखा करूनच तुलना करावी. एखादा डेसिबलभर मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच सरस वाटतो आणि विक्रेत्यांना हे चांगले ठाऊक असते.

प्रश्न : भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, काम रात्री अकरानंतरच करता येते. हेडफोनवरच भागवावे का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : बऱ्याच अंशी होय, आणि त्यात कमीपणा मानू नये. रॉकवूल वगैरे लावून न साधलेल्या खोलीतील मॉनिटरपेक्षा सेनहायझरच्या एचडी ६०० सारखा मागून उघडा हेडफोन खालच्या स्वरांविषयी अधिक खरे सांगतो, कारण त्याच्यात खोलीच नसते. गाणे ध्वनिमुद्रित करताना मात्र मागून बंद हेडफोन वापरावा, नाहीतर ताल माइकमध्ये शिरतो. हेडफोनची उणीव रुंदीविषयी आहे : डाव्या बाजूचा ध्वनी उजव्या कानाला मिळतच नसल्यामुळे दोन बाजूंना ठेवलेले दोन तानपुरे अवाजवी दूर वाटतात आणि गायकाचा आवाज डोक्याच्या आत आल्यासारखा होतो. हे अंतर आणि आवाजाची पातळी ठरवण्यासाठी तीन-चार इंची लहान मॉनिटर शनिवार-रविवारी दिवसा वापरावेत.

रात्री अगदी हळू आवाजात मॉनिटरवर काम करण्याचा मोह टाळावा. आवाज जितका हळू तितके खालचे स्वर कानाला कमी जाणवतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. त्या भरात आपण डग्गा वाढवत राहाल. लहान खोलीत बसल्या जागी ७३ ते ७६ डेसिबल ही पातळी सोयीची पडते. मोबाइलवरील मापक ॲप तेवढ्यापुरते चालते.

प्रश्न : नवे मॉनिटर लॅपटॉपला जोडल्यापासून सतत घुमण्याचा बारीक आवाज येतो. स्पीकर सदोष आहेत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाहीत. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आवाज गेला तर दोष अर्थिंगच्या वेटोळ्याचा, म्हणजे उपकरणे एकाहून अधिक वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याचा, आहे आणि आपण ऐकत आहात तो घरातील विजेचा ५० हर्ट्झ व त्याच्या पटींचा नाद आहे. लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रातून जोडणी करण्याऐवजी ऑडिओ इंटरफेस (संगणकाला ध्वनीची उपकरणे जोडणारी पेटी) वापरावा, तिथून स्पीकरपर्यंत तीन जोड असलेली बॅलन्स्ड केबल घ्यावी आणि सर्व उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावावीत. काही जण अर्थिंगची पिन कापून टाकतात. आवाज जातो हे खरे, पण त्यानंतर उपकरणात बिघाड झाल्यास विजेचा धक्का बसण्यापासून काहीही संरक्षण उरत नाही.

प्रश्न : माझी मावसबहीण न्यू जर्सीहून येणार आहे. तिथे मॉनिटर स्वस्त मिळतात, मागवावेत का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी स्पीकरच्या पाठीवरील पट्टी वाचून घेण्यास ताईंना सांगावे. १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तर येथे फक्त वायर बदलून भागेल. केवळ १२० व्होल्ट असेल तर आपल्याकडील २३० व्होल्टवर तो लावताच जळेल, आणि ट्रान्सफॉर्मरची किंमत व विमानातील वजन मिळवल्यावर स्वस्ताई फारशी उरत नाही. तिथली वॉरंटी येथे चालेल का, हेही कंपनीकडून लेखी विचारून मगच पैसे पाठवावेत.