१७ डिसेंबरची ती नावांची यादी

प्रश्न : फादर, आगमनकाळात, म्हणजे नाताळाच्या आधीच्या आठवड्यांत, मी रोज सकाळी लोकलमध्ये मोबाईलवर चर्चने त्या दिवसासाठी ठरवलेली बायबलमधली वाचनं वाचते. सुरुवातीला यशया संदेष्ट्याचं पुस्तक असतं तेव्हा खूप बरं वाटतं, पण १७ तारीख आली की मत्तयच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ, नुसती नावंच नावं, मी दरवर्षी स्क्रोल करून पुढे जाते. त्याच्यावर मनन तरी काय करायचं?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : ताई, प्लीज स्क्रोल करू नका. मला विचाराल तर आगमनकाळातलं सगळ्यात धीर देणारं वाचन हेच आहे. १७ ते २४ डिसेंबरची वाचनं तारखेप्रमाणे ठरलेली असतात, दरवर्षी तीच (मधे रविवार आला तर त्या दिवशी रविवारची), आणि ती एकमेकांना धरून लावलीयत, त्यामुळे पहिला दिवस सोडला की पुढचं बरंच काही निसटतं.

१७ला पहिल्या वाचनात याकोब आपल्या मुलाला, यहूदाला, आशीर्वाद देतो, राजदंड तुझ्याकडून जाणार नाही म्हणतो. मग शुभवर्तमानात यहूदाचं नाव येतं आणि सोबत तामारचं. तामार त्याची विधवा सून, सासऱ्याने शब्द पाळला नाही म्हणून तिने काय केलं ते बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात वाचा, शेवटी यहूदाच कबूल करतो की माझ्यापेक्षा ही नीतिमान. पुढे राहाब, यरीहोची वेश्या. रूथ, परक्या मवाब देशाची. मग उरीयाची बायको, मत्तय तिचं नाव घेतच नाही, नवऱ्याचं घेतो, म्हणजे दावीद राजाने ज्याला मारवलं तो माणूस येशूच्या वंशावळीत कायमचा आला. आपल्याकडे घराण्याची माहिती सांगताना असली नावं गुपचूप गाळतात.

आता राजांमध्ये आहाज शोधा. ह्याने पोटच्या मुलाला आगीत होमलं असं राजांच्या दुसऱ्या पुस्तकात लिहिलंय. २० तारखेला यशयाच्या वाचनात हाच आहाज परत येतो, देव म्हणतो माझ्याकडे चिन्ह माग, तो म्हणतो मी नाही मागणार, तरी देव देतोच, कुमारी गर्भवती होईल आणि मुलाचं नाव इम्मानुएल ठेवील. नाताळच्या कार्डांवर आपण छापतो ते वचन अशा माणसाला मिळालंय, तेही न मागता! १८ला मरीयेचा पती योसेफ याच्या स्वप्नाच्या वाचनात मत्तय तेच वचन आठवतो.

१९पासून लूकचं शुभवर्तमान सुरू होतं, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे आईबाप जखऱ्या आणि अलीशिबा, येशूची आई मरीया यांच्या गोष्टी, ते तुम्हाला आपोआप जमेल.

यंदा १७ला एवढंच करा. तुमच्या घरातलं जे नाव कोणीच काढत नाही, दारूपायी गेलेला काका असेल, घर सोडून गेलेली बहीण असेल, ते यादी वाचताना मनात घ्या आणि त्या माणसासाठी प्रार्थना करा. गाडीत उभं राहायलाही जागा नसेल तर रात्री घरी वाचा, मुलं नाताळचा गोठा बनवत असतील तर त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा, नावं अडखळली तरी चालेल.