इंजिन बदलण्यासाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न: वडिलांकडून आलेली १९७८ ची मोटार आहे. मूळ इंजिन थकलं आहे. त्या जागी नव्या गाडीचं जास्त ताकदीचं इंजिन बसवायचा विचार आहे. त्यासाठी मुदत ठेव मोडू का?

उत्तर: आत्ता मोडू नका. तुम्ही हिशेब इंजिन आणि मजुरीचाच केला आहे. पण काम झाल्यावर गाडी कायद्याने रस्त्यावर आणता येईल का, हे ती कुठे नोंदवली आहे यावर ठरतं, आणि पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही.

भारतात ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. तुमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. आज इंजिन बदललंत तर हा मार्ग बंद होईल. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला एमओटी तपासणी (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का, याची दरवर्षीची तपासणी) माफ असते, मात्र गेल्या ३० वर्षांत मोठा फेरफार झालेला नसावा. त्याच इंजिनाची कमीजास्त सीसीची आवृत्ती तिथे चालते. सिलिंडरांची संख्या वेगळी असली की अडचण येऊ शकते. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलना धूर-तपासणीतून सूट आहे, म्हणजे तुमची गाडी थोडक्यात हुकते. तिथे इंजिन गाडीच्याच सालाचं किंवा नंतरचं लागतं, आणि त्याची प्रदूषण-नियंत्रणाची सगळी साधनंही सोबत बसवावी लागतात. नुसतं इंजिन स्वस्तात मिळालं, तरी ती अर्धीच खरेदी ठरते.

शिवाय ताकद वाढली की ब्रेक, गिअरबॉक्स, कूलिंग यांचा खर्च मागोमाग येतोच. विमा कंपनीला बदल कळवला नाही, तर अपघातानंतर दावा फेटाळला जाऊ शकतो. ही जोखीम मला सगळ्यात जास्त खटकते, कारण त्या एका दाव्यापुढे तुमची ठेव फार लहान आहे.

माझं मत मूळ इंजिनच पुन्हा बांधून घेण्याकडे झुकतं. चासीवरच्या नोंदींशी जुळणारं इंजिन असलेल्या गाडीला संग्राहक जास्त भाव देतात, आणि परवानगीची कटकटही बहुतेक टळते. त्याचा खर्च ठेवीला हात न लावता महिन्याच्या बचतीतून टप्प्याटप्प्याने करता येईल.

तरीही दुसरंच इंजिन हवं असेल, तर आधी नोंदणी कार्यालयाची आणि विमा कंपनीची लेखी संमती घ्या. ती हातात येईपर्यंत गॅरेजला आगाऊ रक्कम देऊ नका, चासी कापू देऊ नका. आणि मूळ इंजिन विकू नका.