ड्रेस कोड, गणवेश आणि रंगीत ड्रेस

सांगलीत विश्रामबागेतल्या एका पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या कार्यालयात सूचना लागली: 'सोमवार ते शुक्रवार ड्रेस कोड सक्तीचा राहील. शनिवारी ड्रेस कोड नाही, मात्र महिला कर्मचाऱ्यांनी ड्रेस परिधान करू नये.' सोमवार ते शुक्रवार बायकांना संस्थेने दिलेली मोरपंखी साडी आणि पुरुषांना फिका निळा शर्ट असतो. शनिवारी मात्र घोळ झाला. निम्म्या जणी साडी नेसून आल्या, बाकीच्या नेहमीसारख्या पंजाबी ड्रेसमध्ये आल्या आणि त्यांना बोलणी बसली. साहेबांच्या मनात होता तो वन-पीस आणि जीन्स-टॉप. आता सूचना नव्याने मराठीत लिहायचं काम या ताईंकडे आलं आहे. त्यांनी विचारलंय, 'ड्रेस कोडला गणवेश म्हणायचं का? आणि गणवेश की गणवेष?'

दुसरा प्रश्न आधी संपवू. वेश आणि वेष ही दोन्ही रूपं संस्कृतात आहेत, मराठीतही चालतात. तरी शाळेपासून सरकारी परिपत्रकापर्यंत 'गणवेश' हेच रूढ झालं आहे, आणि 'वेषांतर'मध्ये मात्र ष अधिक दिसतो. तुम्ही 'गणवेश' लिहा.

आता मुख्य प्रश्न. गणवेशातला गण म्हणजे समूह, मोजून वेगळा काढलेला. गणना त्याच धातूची. पंचायत समितीच्या निवडणुकीत 'आमचा गण' म्हणतो तोही हाच. त्यामुळे गणवेश या शब्दात 'सारखे कपडे' एवढाच अर्थ नाही. कुणाचा गण, हे त्यात आधी येतं. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत सातारा जिल्ह्यातून जाते तेव्हा चांदोबाच्या लिंबाच्या रिंगणाला उभं राहून बघा. धोतर, सदरा, टोपी, सगळं पांढरं, आणि तेही हजारोंच्या अंगावर. पण त्याला गणवेश कुणीच म्हणत नाही. कारण तो कुणी ठरवून दिलेला नाही, नि घातला नाही म्हणून कुणी दिंडीतून बाहेर काढत नाही. गणवेशाला ठरवून देणारा लागतो.

हा 'गण' केवढा धरायचा यावरूनही आपल्याकडे बरंच घडून गेलं आहे. सरकारी शाळांतल्या मुलांना मोफत गणवेश मिळतात, ते पूर्वी शाळा व्यवस्थापन समित्या घेत. पुढे 'एक राज्य, एक गणवेश' योजना आली आणि 2024-25 मध्ये राज्यभरासाठी एकच गणवेश करायचं ठरलं. म्हणजे शाळेचा गण राज्याएवढा झाला. कपडे वेळेवर पोहोचेनात, पालक आणि शिक्षक वैतागले, आणि डिसेंबर 2024 मध्ये ती जबाबदारी पुन्हा समित्यांकडे गेली. मला ते योग्य वाटलं. पोराच्या अंगावरच्या कपड्यावरून गावातल्या माणसाला त्याची शाळा कळावी, हे गणवेशाचं निम्मं काम आहे.

पण घराघरांत गणवेश हा शब्द फारसा वापरात नाही. सातारा-सांगलीकडे आई ओरडते ती 'शाळेचा ड्रेस काढ आधी, मग खेळायला जा' अशी. लग्नातल्या बँडच्या पोरांचेही 'ड्रेस'च. आणि बायकांच्या बोलण्यात ड्रेस म्हणजे सलवार-कुडता, पंजाबी ड्रेस. 'उद्या साडी का ड्रेस?' या प्रश्नाचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. तुमच्या सूचनेतल्या घोळाचं मूळ इथे आहे. लिहिणाऱ्याने ड्रेस इंग्रजी अर्थाने लिहिला, वाचणाऱ्यांनी तो आपल्या मराठीने वाचला. चूक वाचणाऱ्यांची नव्हती.

एखाद्या शब्दाचा अर्थ पक्का करायचा तर त्याचा विरुद्ध शब्द शोधावा. शाळेच्या ड्रेसचा विरुद्ध शब्द काय? 'रंगीत'. वाढदिवसाला पोरगं म्हणतं, 'आज मी रंगीत ड्रेस घालणार.' आता शाळेचा शर्ट आकाशी आणि पँट गडद निळी असली तरी ती रंगीत नाही, आणि वाढदिवसाचा नवा झब्बा पांढराशुभ्र असला तरी तो रंगीत! इथे 'रंगीत'चा रंगाशी संबंधच उरलेला नाही, त्याचा अर्थ 'नेमून न दिलेला' एवढाच. कुठल्याही समितीने हा शब्द घडवला नाही, शाळेच्या पोरांनी घडवला. माझ्या मते तो शब्दकोशात या अर्थासह यायला हवा. पोलिसांच्या बाबतीत हीच जागा 'साध्या वेशा'ने घेतली आहे. पोलीस साध्या वेशात फिरतात, त्यांना कुणी रंगीत ड्रेसमधले पोलीस म्हणत नाही.

ओघात आलंच आहे तर 'वर्दी'बद्दल. हिंदी मालिका आणि फौजेतली बोली यांमुळे वर्दी म्हणजे गणवेश हा अर्थ आपल्याकडे शिरला आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यासारख्या गावात, जिथले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि जिथे आजही घराघरातून माणूस फौजेत जातो, तिथे तो कानाला खटकणारही नाही. पण रोजच्या मराठीत वर्दी म्हणजे खबर. 'आगीची वर्दी मिळताच बंब निघाला', 'घटनेची वर्दी पोलीस पाटलांनी दिली'. हा अर्थ सातारा-सांगलीच्या बातम्यांत अजून जिवंत आहे, त्याला धक्का लागू नये असं मला फार वाटतं. पोलीस 'वर्दीत' आले असं लिहिण्यापेक्षा 'गणवेशात' आले असं लिहावं.

अंगावरच्या वस्तूवरून माणसाच्या कामाला नाव पडतं, तेही बघण्यासारखं. पट्टेवाला हा त्याच्या पट्ट्यावरून, चपराशी हा 'चपरास' या शब्दावरून, म्हणजे पट्ट्यावरच्या धातूच्या बिल्ल्यावरून. कारखान्यातली 'डांगरी' तर मुंबईच्या डोंगरी भागातल्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजीत गेली आणि तिथून आपल्याकडे परत आली.

आता ड्रेस कोड. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सूचना काढल्या: जीन्स, टी-शर्ट नको, स्लिपर नको, शुक्रवारी खादी वापरावी. मार्च 2024 मध्ये शिक्षकांसाठीही तशाच निघाल्या, त्यात पुरुषांना फिका शर्ट आणि गडद पँट सांगितली. पण कुठला फिका रंग, कुठला गडद, ते ज्याचं त्याने बघायचं. दोन शिक्षक शेजारी उभे राहिले तर कपडे जुळतीलच असं नाही. इथे गणवेश हा शब्द बसत नाही. याला 'रंगीत'सारखा विरुद्ध शब्दही सापडत नाही, कारण इथे कपडा नेमलेला नसतो, फक्त कुंपण घातलेलं असतं.

'आचारसंहिते'च्या चालीवर 'वेशसंहिता', 'वस्त्रसंहिता' हे शब्द निघाले आहेत. देवळांच्या फलकांमुळे 'वस्त्रसंहिता' बऱ्याच जणांच्या डोळ्यांखालून गेला असेल. शब्द चुकीचे नाहीत, पण पतसंस्थेच्या फळ्यावर जड वाटतात. 'पोशाखाचे नियम' म्हणावं तर आपल्याकडे लग्नात 'पूर्ण पोशाख' म्हणजे मानाचा आहेर असतो, त्यामुळे तो शब्द थोडा भारदस्त होतो. मी 'पेहरावाचे नियम' लिहिलं असतं.

म्हणजे तुमच्या सूचनेत नेमकं उलटं झालं होतं. सोमवार ते शुक्रवार ज्याला ड्रेस कोड म्हटलं तो खरा गणवेश आहे. आणि शनिवारी ड्रेस कोड नाही म्हटलं, तर तिथेच तो आहे. तेव्हा असं लिहा: 'सोमवार ते शुक्रवार सर्वांनी संस्थेने दिलेला गणवेश परिधान करावा. शनिवारी गणवेशाची सक्ती नाही. साडी, पंजाबी ड्रेस किंवा साधा शर्ट-पँट चालेल. जीन्स, टी-शर्ट, वन-पीस चालणार नाही.'

'परिधान' हा शब्द मी एरवी खोडतो, इथे मुद्दाम ठेवला आहे. साडी नेसतात, शर्ट घालतात. तुमच्या गणवेशात दोन्ही आहे, आणि 'गणवेश घालावा' म्हटलं की मोरपंखी साडीही घालायची होते. हल्ली 'साडी घातली' सर्रास ऐकू येतं, पण नेसणं हे क्रियापद आपल्याकडे अजून शाबूत आहे, तर सूचनेत तरी ते मोडू नका.